निर्वाणाच्या ध्यासाचे विसर्जन : धर्मानंद कोसंबी यांचे जीवन

बौद्ध साधनेच्या परंपरेत प्रयत्न आणि प्रयत्नाचा त्याग यांचा परस्परसंबंध हा एक जुना व अवघड प्रश्न आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक् व्यायामाला, म्हणजेच योग्य प्रयत्नाला, स्वतंत्र स्थान आहे. किंबहुना बुद्धाने ज्या गुणांचा वारंवार गौरव केला त्यांत वीर्य हा गुण अग्रभागी आहे. परंतु त्याच पाली वाङ्मयात प्रयत्नाच्या अतिरेकाने साधक कसा कुंठित होतो हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. सोण कोळिविस या तरुण भिक्षूने चंक्रमण करता करता आपल्या पायांतून रक्त काढले, आणि तरीही काही साधत नाही म्हणून तो घरी परतण्याच्या विचारात पडला. तो पूर्वाश्रमीचा वीणावादक; म्हणून बुद्धाने त्याला वीणेच्या तारांच्या दृष्टान्ताने समजाविले. चुल्लवग्गातील आनंदाची कथा तर याहून मार्मिक आहे. पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्री अर्हत्पद मिळविण्यासाठी तो रात्रभर झटला आणि काहीच हाती न लागता पहाटे अंथरुणावर टेकू लागला. मस्तक उशीला लागण्यापूर्वीच, पाय जमिनीवरून उचललेले असताना, त्याचे चित्त मुक्त झाले, असे ती कथा सांगते.

या कथांचा अर्थ प्रयत्न निरुपयोगी आहे असा नाही. रात्रभर न चालता आनंद अंथरुणावर टेकला असता तर केवळ झोपी गेला असता. प्रश्न असा आहे की, प्राप्तीची आस केव्हा आणि कशी खाली ठेवावयाची, आणि ती ठेवल्यावर उरलेल्या आयुष्याचे काय करावयाचे? प्रस्तुत लेख लिहिला जात आहे तो बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड येथील मुक्कामात. संगणक-व्यवसायाच्या या परिसरात ध्यानाकडे कार्यक्षमता वाढविण्याचे एक साधन म्हणून पाहण्याची वृत्ती सहज आढळते, आणि त्यामुळे या प्रश्नाची निकड येथे विशेष जाणवते. त्याचे उत्तर सिद्धान्ताच्या पातळीवर शोधण्याऐवजी एका मराठी माणसाच्या चरित्रात शोधावे, असा येथे उद्देश आहे. तो माणूस म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी. पाली भाषेचे पंडित म्हणून त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे. साधक म्हणून त्यांच्या जीवनाचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. पोर्तुगीज अमलातील त्या खेड्यात शिक्षणाची सोय बेताची होती. शरीरप्रकृती नाजूक, घरची शेती व नारळीच्या बागा यांचा भार अंगावर, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झालेला विवाह, अशा परिस्थितीत त्यांचे तारुण्य उदासीनतेत जात होते. मराठी पुस्तके मिळतील तशी वाचावीत, तुकारामांच्या गाथेत आधार शोधावा, हाच काय तो विसावा. अशा वेळी ‘बालबोध’ या मुलांसाठी निघणाऱ्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. त्या चार पानांनी त्यांच्या जीवनाला दिशा दिली. बुद्धाचा धर्म समजून घ्यावयाचा, त्यासाठी संस्कृत शिकावयाचे, आणि त्यापायी प्राण गेला तरी बेहत्तर, असा निश्चय त्यांच्या मनात दृढ होत गेला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. या गृहत्यागाला सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची छाया आहे, हे कोणाही वाचकाच्या ध्यानात येईल. परंतु चरित्रकाराने येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या ध्यासाला आपण उदात्त म्हणतो त्याची किंमत प्रथम बाळाबाईंनी मोजली, आणि ती मोजावी की नाही हे त्यांना कोणी विचारले नव्हते. धर्मानंदांच्या पुढील आयुष्यातील पालटाचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर यांची भेट घेऊन, पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ साली बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळला गेले. परंतु तेथील परिस्थिती पाहून त्यांची निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि त्याच वर्षी सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या आश्रयाने त्यांनी श्रामणेर-दीक्षा घेतली व पालीचे अध्ययन आरंभिले. तेथील अन्न व हवा न मानवल्याने त्यांना परतावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले व भिक्षू म्हणून राहिले.

ब्रह्मदेशातील वास्तव्य हा त्यांच्या साधनेचा उत्कट काळ होय. रंगूनजवळच्या एका विहारात त्यांच्यासमवेत ञाणतिलोक हे जर्मन भिक्षू होते; पुढे पाश्चात्त्य जगातील थेरवादाचे एक आद्य आचार्य म्हणून ते प्रसिद्धीस आले. हे दोघे १९०४ च्या सुमारास उत्तर ब्रह्मदेशातील सगाइंगच्या डोंगरांतील गुहांत जाऊन राहिले आणि अर्हत् म्हणून लौकिक असलेल्या एका भिक्षूच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समथ व विपस्सना यांचा अभ्यास केला. गोव्यातील एक तरुण आणि जर्मनीतून आलेला दुसरा तरुण ब्रह्मी डोंगरातील गुहेत एकाच ध्येयासाठी बसले आहेत, हे विसाव्या शतकारंभीचे चित्र आपल्या वाङ्मयेतिहासात अद्याप पुरेसे नोंदले गेलेले नाही. त्यानंतर धर्मानंद बुद्धगया, कुशिनारा आदी तीर्थस्थळी एकाकी राहिले व पुन्हा ब्रह्मदेशी गेले. या वर्षांत दारिद्र्य, आजार आणि एकान्त यांची त्यांनी पर्वा केली नाही.

१९०६ साली ते कलकत्त्यास परतले आणि त्यांनी चीवर उतरविले. हा त्यांच्या चरित्रातील निर्णायक क्षण होय. बाह्यतः त्याचे कारण व्यावहारिक होते. पालीचे ज्ञान आपल्या देशात, विशेषतः महाराष्ट्रात, पसरवावयाचे तर भिक्षूच्या आचारनियमांत राहून ते शक्य होणार नाही, असे त्यांना वाटले. प्रवास, द्रव्य, अध्यापन यांपैकी प्रत्येक बाबतीत विनयाचा अडसर होता. परंतु या व्यावहारिक कारणाच्या तळाशी एक गंभीर स्थित्यंतर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्याने सात वर्षे स्वतःच्या मुक्तीसाठी सर्वस्व पणाला लावले, त्याने त्या मुक्तीचे अधिकृत चिन्हच स्वहस्ते खाली ठेवले. त्यात श्रद्धाभंग नव्हता, कारण बुद्धावरील त्यांची निष्ठा पुढे चाळीस वर्षे तिळमात्र ढळली नाही. त्यात पराभवाची कटुताही दिसत नाही. आपण कोणत्या अवस्थेला पोहोचलो, काय प्राप्त झाले, काय राहिले, या हिशेबाला पुढील आयुष्यात मध्यवर्ती स्थान उरले नाही, एवढेच घडले.

त्याच वर्षी सुमारे सात वर्षांच्या वियोगानंतर ते गोव्यात कुटुंबाकडे परतले. १९०७ च्या जुलै महिन्यात त्यांना पुत्र झाला. हाच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून विख्यात झालेला दामोदर. सिद्धार्थाने राहुलाला सोडले ते अर्हत्पदानंतरच भेटण्यासाठी. धर्मानंद अर्हत्पदाचा दावा न करता घरी परतले. या परतीने बाळाबाईंच्या सात वर्षांची भरपाई झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पुढेही त्यांचे आयुष्य बव्हंशी प्रवासातच गेले. तथापि मुक्तीच्या मार्गात कुटुंब हा केवळ अडथळा आहे, ही भूमिका त्यांनी सोडली, हे निश्चित.

येथे तुलनेसाठी जपानमधील शिन्रान याचे स्मरण होते. वीस वर्षे हिएई पर्वतावर साधना केल्यावर १२०१ साली त्याने तो पर्वत सोडला, पुढे विवाह केला, आणि स्वसामर्थ्यावरील विश्वास टाकून अमिताभ बुद्धाच्या करुणेवर सर्व भार घातला. बाह्य आकृती पाहिली तर दोन्ही चरित्रे जुळतात. परंतु धर्मानंद हे थेरवादी आणि पूर्णतः बुद्धिवादी होते. भार घालावा असा कोणी तारक त्यांच्या विश्वात नव्हता. आपल्याकडील वारकरी संतांनी मोक्षापेक्षा भक्तीचे सुख आणि संतांची संगती अधिक मानली. पण तेथेही विठ्ठल उभा आहेच. धर्मानंदांनी प्राप्तीची आस खाली ठेवली तेव्हा त्या रिकाम्या जागी कोणतेही दैवत आले नाही. तेथे काम आले. त्यांच्या चरित्राचे वेगळेपण यात आहे.

हे काम कसे होते? कलकत्त्यास अधिक वेतनाची नोकरी मिळत असता, महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करता यावे म्हणून, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी पसंत केले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ ही त्यांची व्याख्याने १९१० साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी अपुरे ठेवलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. तेथे संपादकत्वाच्या श्रेयावरून प्रा. चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन ते १९१२ साली परतले. प्राप्तीची आस सोडणे म्हणजे स्वाभिमान सोडणे नव्हे, हेही येथे दिसून येते. त्यानंतर १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि पु. वि. बापट यांच्यासारखे शिष्य घडविले. १९१८ ते १९२२ पुन्हा हार्वर्ड. नंतर अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ. १९२९ साली लेनिनग्राड. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडे व विलेपार्ले येथील कार्य आणि तुरुंगवास. आणि १९३१-३२ मध्ये पुनश्च हार्वर्ड. ‘विसुद्धिमग्गा’चे काम अशा रीतीने दोन दशके रेंगाळत पूर्ण झाले. हार्वर्डची ती आवृत्ती प्रत्यक्ष प्रसिद्ध झाली १९५० साली, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात, १९४० साली, भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी तिची देवनागरी आवृत्ती काढली आणि १९४३ साली तिच्यावर पालीतच ‘दीपिका’ लिहिली.

या ग्रंथाशी असलेला त्यांचा संबंध विशेष विचारात घेण्याजोगा आहे. ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेचा सर्वांगपूर्ण ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी निर्वाणापर्यंतचा मार्ग त्यात तपशिलाने आखलेला आहे. ध्यानाला बसण्यापूर्वी साधकाने दहा पलिबोध, म्हणजे अडथळे, दूर करावेत असे बुद्धघोष सांगतो. आवास, कुल, लाभ, गण, कर्म, प्रवास, नातलग, आजार, ग्रंथाध्ययन आणि ऋद्धी हे ते दहा होत. ऋद्धीचा अपवाद केला तर या यादीतील जवळजवळ प्रत्येक अडथळा धर्मानंदांनी आपल्या आयुष्यात स्वीकारलेला दिसतो. ते कुटुंबात परतले, विद्यार्थ्यांच्या समूहात राहिले, सागर ओलांडून वारंवार प्रवास केला, आणि स्वतः बुद्धघोषाचाच ग्रंथ शुद्ध करीत बसून ग्रंथाध्ययन हा अडथळा आयुष्यभर पत्करला. इतरांसाठी मार्गाचा नकाशा निर्दोष करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने स्वतः त्या नकाशातील अखेरच्या मुक्कामाची घाई केली नाही.

मात्र याच ग्रंथात इंद्रियसमतेचे जे विवेचन आहे ते धर्मानंदांच्या वृत्तीला अत्यंत जवळचे वाटते. श्रद्धा व प्रज्ञा यांचा, तसेच वीर्य व समाधी यांचा तोल साधला पाहिजे. वीर्य अतिरिक्त झाले तर चित्त चंचल होते आणि समाधी अतिरिक्त झाली तर आळस शिरतो, असे बुद्धघोषाचे म्हणणे आहे. १९२५ सालच्या ‘समाधिमार्ग’ या पुस्तकात धर्मानंदांनी ध्यानाच्या परंपरागत विषयांचा परिचय सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत करून दिला. ध्यान ही निवडक सिद्धांची मिरासदारी नसून चित्त निर्मळ करण्याची ती एक पद्धत आहे, असाच त्या मांडणीचा रोख आहे. गूढतेचा आव नाही, सिद्धींचे आमिष नाही. स्वतःच्या गुहेतील अनुभवांचे भांडवल तर त्यांनी कधीच केले नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनातही साधनेपेक्षा पायपीट, उपासमार आणि माणसांचे उपकार यांनाच अधिक जागा मिळाली आहे.

या स्थित्यंतराचा वैचारिक परिपाक म्हणजे त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ. तो १९४० च्या सुमारास दोन भागांत प्रसिद्ध झाला व पुढे साहित्य अकादमीच्या द्वारे अन्य भारतीय भाषांत गेला. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले, ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादिले की, शस्त्र धारण केल्याने भय वाढते आणि माणसे एकमेकांविरुद्ध उभी ठाकतात, हे पाहून सिद्धार्थाला उद्वेग आला. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी या संदर्भात पुढे आणला. याच तंट्याला पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रात मध्यवर्ती स्थान दिले. ऐतिहासिक दृष्ट्या हे प्रतिपादन वादग्रस्त ठरू शकेल. परंतु चरित्राच्या दृष्टीने त्यातील सूचकता महत्त्वाची आहे. ज्या तरुणाने १८९९ साली वैयक्तिक दुःखातून सुटण्यासाठी घर सोडले होते, त्याला चाळीस वर्षांनंतर स्वतः बुद्धाच्याच गृहत्यागाचा हेतू वैयक्तिक मोक्ष हा वाटेनासा झाला. १९३७ साली मुंबईच्या परळ भागात, गिरणीकामगारांच्या वस्तीत, दलितांसाठी त्यांनी ‘बहुजनविहार’ उभारला व तेथे वास्तव्य केले. तेही याच दृष्टीतून.

त्यांच्या जीवनाचा अखेरचा भाग सर्वांत अवघड आहे. वार्धक्य, मधुमेह आणि त्वचेचा असह्य त्रास यांनी ते जर्जर झाले. आपल्या हातून आता काही सेवा घडणार नाही, उलट इतरांनाच आपली सेवा करावी लागेल, असे त्यांना वाटू लागले. जैन परंपरेतील सल्लेखनेचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या पुस्तकात त्या परंपरेविषयीचा त्यांचा आदर स्पष्ट आहे. १९४६ साली संयुक्त प्रांतातील दोहरीघाट येथे त्यांनी आमरण अनशन आरंभिले. गांधीजींना हे कळताच त्यांनी अनशन सोडण्याचा आग्रह केला आणि धर्मानंदांनी तो मानला.

बौद्ध दृष्टीने या अनशनावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. बुद्धाने भवतृष्णेबरोबरच विभवतृष्णाही, म्हणजे नाहीसे होण्याची तृष्णाही, दुःखाचे मूळ म्हणून सांगितली आहे. सर्व आस सोडलेल्या साधकाने अखेरीस मरणाची आस धरावी, हा विरोधाभास नव्हे काय? या प्रश्नाचे निर्णायक उत्तर बाहेरून देणे कोणालाही शक्य नाही. परंतु दोहरीघाटची घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्याने मरण हे साध्य मानले आहे तो दुसऱ्याच्या शब्दाखातर ते पुढे ढकलीत नाही. धर्मानंदांनी मरणाचा निश्चयही हातात घट्ट धरून ठेवला नाही. जगावयाचा आग्रह नाही आणि मरावयाचाही नाही, अशी काहीशी त्यांची स्थिती झाली असावी.

पुढे ते सेवाग्रामच्या आश्रमात आले. प्रकृती सुधारण्याची आशा संपल्यावर, गांधीजींची संमती मिळवून, १९४७ च्या मे महिन्याच्या आरंभी त्यांनी अन्न सोडले. सुमारे महिनाभर ते केवळ पाण्यावर राहिले. आपल्या अंत्यविधीवर व्यर्थ खर्च होऊ नये आणि पालीच्या अध्ययनासाठी काही विद्यार्थी सिंहलद्वीपास पाठविले जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. देशाच्या फाळणीची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती, आणि त्या कोलाहलात एका वृद्ध पाली पंडिताच्या मृत्यूकडे फारसे लक्ष जाणे शक्य नव्हते. तरीही गांधीजींनी दिल्लीतील प्रार्थनासभेत त्यांचे आदराने स्मरण केले.

धर्मानंदांना निर्वाण प्राप्त झाले की नाही, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही, आणि बहुधा त्यांनी स्वतःही तो शेवटच्या काळात विचारला नसावा. अभ्यासकाला एवढेच म्हणता येते की, १८९९ साली बुद्धाच्या शोधात निघालेल्या तरुणाचा ध्यास आणि १९४७ साली पाण्याच्या घोटावर शांतपणे पडून असलेल्या वृद्धाची वृत्ती यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कोणत्याही एका साक्षात्काराने कापलेले नाही. ते कापले गेले पाठभेदांच्या नोंदींनी, वर्गांतील तासांनी, परळच्या चाळींतील वास्तव्याने आणि मोडलेल्या संसाराकडे परतण्याने. सगाइंगच्या गुहेतील उत्कट वर्षे व्यर्थ गेली असे त्यावरून म्हणता येणार नाही. रात्रभर चाललेल्या आनंदालाच पहाटे टेकण्याचा अर्थ कळू शकतो. धर्मानंदांच्या बाबतीत मात्र ती पहाट चाळीस वर्षांची होती, आणि तिच्यात ते टेकले नाहीत. काम करीत राहिले.